सीटखालचं इंजिन

परवा शनिवारी पेणहून रोह्याला जायचं होतं. एसटी नुकतीच गेलेली, म्हणून इकोत बसलो, ड्रायव्हरशेजारी. त्या सीटवर इंजिन बरोब्बर आपल्या बुडाखाली असतं. वडखळ ओलांडेपर्यंत डोक्यात एकच किडा: इंजिनाची ही मांडणी आता जवळजवळ दिसेनाशी का झाली?

आपल्याकडे समज असा की जुनं तंत्र वाईट होतं म्हणून गेलं. (आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत तर हा समज धर्मासारखा पाळतात.) मला हे पटत नाही.

मारुती ओम्नी घ्या. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली. इंजिन मारुती ८०० चंच, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ८०० मध्ये ते बॉनेटखाली आडवं टाकून पुढची चाकं फिरवली. व्हॅनमध्ये तेच पुढच्या सीटांखाली ठेवून मागची चाकं फिरवली. एकच इंजिन, आणि दोन पूर्ण वेगळ्या गाड्या! बॉनेट गेलं तेवढी लांबी माणसांना आणि सामानाला मिळाली. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपती कारखानदारांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मूर्तीला उभी जागा आणि सपाट तळ लागतो. मागच्या सीटा काढल्या की झालं काम.

मग गेली का? कारण ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नव्हतं. समोरून धडक बसली तर माणसाच्या आधी चेपायला काहीतरी लागतं, आणि ते काम बॉनेट करतं. ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलनाही धडक-चाचणीचे नियम लागू झाले, आणि त्याच वर्षी ओम्नी बंद झाली. २०१० साली आलेल्या इकोला थोडं तरी नाक आहे. ती सुधारून नियमांत बसवता आली.

मी ओम्नीचा चाहता आहे. पण घरच्या माणसाला रात्री मुंबई-गोवा रस्त्यावर ओम्नी चालवू देईन का? नाही. म्हणजे नियम बरोबर आणि माझी हळहळही खरी. काय करणार...

मागच्या इंजिनाची कथा वेगळी. फोक्सवॅगनची बीटल तशीच, आणि ती २००३ पर्यंत बनत होती. चालक चाकांवर वजन, त्यामुळे चढाला पकड चांगली. पण वळणावर जड शेपूट बाहेर फेकली जाते, आणि मुख्य म्हणजे सामान कुठे ठेवायचं? १९५९ च्या मिनीने इंजिन पुढे आडवं टाकून सगळी यंत्रणा एका कोपऱ्यात कोंबली आणि मागची जागा मोकळी केली. छोट्या गाड्यांपुरता वाद तिथेच संपला म्हणा ना.

तरी टाटांनी २००९ मध्ये नॅनो आणली, ६२४ सीसीचं इंजिन मागे. आत बसायला जागा अगदी ऐसपैस. पण मागचं दार उघडणारी नॅनो आली २०१५ मध्ये! गावाहून मुंबईला परतणारा कोकणी माणूस फणस ठेवणार कुठे? :-) 'स्वस्त गाडी' हा शिक्का नडला हे खरंच, पण माझ्या मते फणसही नडला.

आणि तीनचाकी टेम्पो विसरून चालणार नाही. मूळ जर्मन, इथे बजाज टेम्पोने बनवलेला. इंजिन पुढच्या एकुलत्या एका चाकावर, आणि तेच चाक गाडी ओढणार. रिकामा असताना ठीक. पण मागे माल भरून भिसे खिंडीसारखा चढ चढायला लागलात की वजन मागे सरकतं आणि ओढणारं चाकच हलकं होतं. तो गेला याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. नाव मात्र राहिलं, आज चार चाकांच्या कुठल्याही छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो.

गंमत म्हणजे विजेच्या गाड्यांनी हा खेळ पुन्हा मांडलाय. महिंद्राच्या बीई ६ ची मोटर मागच्या चाकांपाशी आहे. मोटर लहान, बॅटरी तळाशी, त्यामुळे मागे इंजिन म्हणजे डिकी गेली हे गणितच बदललं. नाक आखूड, पण धडक सोसणारी, आणि तळ सपाट, अशी विजेची व्हॅन कुणी बनवणार असेल तर आधी हमरापूरला एक चक्कर मारावी आणि सोबत चार फुटी मूर्ती उचलून बघावी. भाद्रपदाच्या आधी.