चार आण्यांची अमेरिका

अमेरिकेतून सुटीवर घरी येणाऱ्या माणसाची बॅग ठरलेली असते. बदाम, चॉकलेटं, परफ्यूमच्या बाटल्या आणि कोपऱ्यात कपड्यांत गुंडाळलेल्या 'आठवण म्हणून' आणलेल्या वस्तू. स्वातंत्र्यदेवीची वीतभर मूर्ती, गोल्डन गेट पुलाचं चित्र असलेला कप, फ्रिजला लावायची चुंबकं. पहिल्या तीन खेपांना मीही हेच वाहून आणलं. (मूर्ती उलटी केली की खाली 'मेड इन चायना' दिसतं, पण ती उलटी करायची नसते!)

आता माझं मत पक्कं झालंय, की आठवण अशी विकत मिळत नाही. वस्तू आधी आपल्या रोजच्या कामाला यावी लागते, आणि तिच्याबद्दल विचारणारं घरी कोणीतरी असावं लागतं. हे शहाणपण मला कपडे धुताना आलं.

मी राहायचो त्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक लाँड्री होती. तिथली मशिनं फक्त क्वार्टर घ्यायची, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. धुवायला पाच, वाळवायला चार. फोनवर हा हिशोब सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे नऊ पावल्या!" तेव्हापासून आमच्या घरात क्वार्टरचं नाव चार आणे पडलं. रविवारची धुणी असायची, म्हणून मी बँकेतून दहा डॉलरची गुंडाळी आणायचो. एका गुंडाळीत चाळीस नाणी.

नेमक्या त्याच काळात तिथल्या सरकारने एक मजा सुरू केली होती. १९९९ पासून २००८ पर्यंत दरवर्षी पाच याप्रमाणे पन्नास राज्यांची पन्नास क्वार्टर काढायची. पुढच्या बाजूला नेहमीचे जॉर्ज वॉशिंग्टन, मागच्या बाजूला त्या राज्याची काहीतरी खूण. क्रम राज्यं संघराज्यात आली तसा. पहिलं डेलावेअर, शेवटचं हवाई. लोक ही नाणी घरात जपून ठेवू लागले आणि त्यात सरकारचा फायदाच होता, कारण नाणं पाडायला येणारा खर्च पंचवीस सेंटपेक्षा बराच कमी होता. टीव्हीवर मखमली डब्यातल्या संचांच्या जाहिराती यायच्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी नियमच घालून दिला. "विकत घ्यायचं नाही. हातात येईल तेच ठेव. आणि कुठे मिळालं ते मला सांग."

झालं! त्यांनी दोनशे पानी वही केली. प्रत्येक नाण्याला एक पान. राज्य, राजधानी, चित्र कशाचं, आणि नाणं मला कुठे मिळालं. मी सांगायचो ते त्यांच्या बारीक अक्षरात उतरायचं. रविवारी फोनवर प्रश्न येणार म्हणून मीही नाणी उलटून बघायला लागलो. कनेटिकटच्या नाण्यावरचं झाड कसलं? तर तो एक ओक. इंग्रज गव्हर्नर १६८७ साली वसाहतीची सनद मागायला आला, तेव्हा ती त्याच्या ढोलीत लपवली अशी कथा आहे. झाड १८५६ च्या वादळात पडलं. विस्कॉन्सिनवर गाय, चीज आणि मका. बाबा म्हणाले, "हे आपल्यातलेच दिसतात." इतकी वर्षं ज्या देशात राहत होतो, त्याचा भूगोल मी बाबांच्या धाकाने शिकलो.

सगळ्यात गंमत न्यू हॅम्पशायरची. त्यावर डोंगरातल्या कड्यांनी बनलेला म्हाताऱ्याचा चेहरा आहे. 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन'. ते नाणं मला २००० मध्येच मिळालं होतं. पण एका थंडीत रात्री दहाला जीन्स ओल्या, ड्रायरला एक क्वार्टर कमी.. म्हाताऱ्याला आत टाकलं. पुढे दुसरं मिळालं ते कॉफीच्या सुट्ट्या पैशांत. आणि ३ मे २००३ ला तो खराखुरा चेहराच डोंगरावरून कोसळला. बाबांच्या वहीत त्या पानावर लिहिलंय : 'पहिला ड्रायरमध्ये गेला. दुसरा कॉफीच्या दुकानात सापडला. डोंगरावरचा पडला.'

हवाई मला २००९ च्या सुरुवातीला मिळालं आणि वही पूर्ण झाली. पन्नास नाणी, साडेबारा डॉलर. त्याच वर्षी दिवाळीनंतर बाबा गेले. पुढे घर आवरताना शोकेस रिकामी केली तेव्हा निम्मी चुंबकं अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच होती. स्वातंत्र्यदेवी आईने शेजारच्या मुलाला खेळायला दिली. वहीला मात्र तिने खाकी कव्हर घातलंय. कधीमधी काढून वाचते.

कोणी म्हणेल, म्हणजे काय विकत घ्यायचंच नाही का? असं नाही. एखाद्या कारागिराने समोर बसून घडवलेली वस्तू घ्यावी, त्याच्याशी दोन शब्द बोलावं. पण मागे दोन ओळी लिहून ठेवाव्यात, नाहीतर वीस वर्षांनी ती नुसती अडगळ. आणि रोजच्या वस्तू लवकर जातात. आपले चार आणे ३० जून २०११ पासून बंद झाले. अमेरिकेत एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येऊ लागला, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी ते पाडणंच थांबवलं. कित्येक लाँड्र्यांत आता फोनवरून पैसे भरतात.

म्हणून इथे राहणाऱ्यांना एक विनंती. तुमचं कोणी परदेशातून आलं तर 'आमच्यासाठी काय आणलंस?' हे जरूर विचारा, हक्कच आहे तुमचा. पण त्याच्या पाकिटातलं एखादं नाणं, बसचं तिकीट, वाचनालयाचं कार्ड हातात घेऊन 'हे कुठलं रे?' असंही विचारा. त्याला कदाचित सांगता येणार नाही. पुढच्या खेपेला सांगेल.

राज्यांची नाणी संपल्यावर २०१० ते २०२१ या काळात राष्ट्रीय उद्यानं आणि अशाच जागांची छप्पन्न क्वार्टर निघाली. माझ्या हातातून ती शेकड्यांनी गेली असतील. माझ्याकडे त्यातलं एकही नाही.