सीसीचें स्तोम

मध्यमवर्गीय घरांत मोटारसायकल घेण्याचा विषय निघाला म्हणजे दोन प्रश्न हटकून पुढें येतात. वडील विचारतात, ‘लिटरला किती देते?’ चिरंजीव विचारतात, ‘किती सीसीची?’ या ओढाताणींत पंधरा-वीस दिवस जातात. कधीं वडिलांचा जय होतो, व घरांत ब्रेकांच्या नांवानें आनंद असलेली एक काटकुळी गाडी येते. कधीं चिरंजीवांचा जय होतो, व जिन्याखालीं दोनशें किलोंचें लोखंडी धूड उभें राहतें. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, रोज कचेरीला जावयाचें व जातां-येतां वाहन चालविण्याचें सुखहि घ्यावयाचें, असा ज्याचा हेतु आहे त्यास या दोन्ही प्रश्नांचा उपयोग नाहीं. त्यांतहि दुसरा प्रश्न अधिक घातक आहे. पहिल्यानें निदान चार पैसे वांचल्याचें समाधान तरी मिळतें; दुसऱ्यानें पैसा जातो, सुखहि जातें, आणि प्रसंगीं हाडें मोडतात.

प्रथम वडिलांचा प्रश्न घेऊं. तो लवकर संपण्यासारखा आहे. कचेरीला जाऊन-येऊन रोज २५ किलोमीटर होतात व वर्षाचे ३०० दिवस जाणें घडतें असें धरलें, तर वर्षाला ७,५०० किलोमीटर होतात. एक गाडी लिटरला ६० किलोमीटर देते व दुसरी ४५. पहिलीस १२५ लिटर पेट्रोल लागेल, दुसरीस सुमारें १६७. लिटरला १०० रुपये धरले तर फरक वर्षाला ४,२०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला ३५० रुपयांचा पडतो. ही रक्कम क्षुल्लक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण जी वस्तु आठ-दहा वर्षें वापरावयाची, जिच्यावर रोज तास-दीड तास बसावयाचें व जिच्या ब्रेकांवर जीव टांगावयाचा, तिची निवड महिन्याच्या साडेतीनशें रुपयांवर करावी, आणि त्याच घरानें दिवाळींत भिंतीएवढा टेलिव्हिजन हप्त्यांनीं आणावा, याला काटकसर म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. १९८५ सालीं हीरो होंडाची सीडी १०० बाजारांत आली, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या संसारांना ती पटली, व ‘मायलेज’ हा शब्द घराघरांत रुळला. त्या गाडीचे उपकार कोणी नाकारूं नयेत. परंतु चाळीस वर्षांनंतरहि त्या एकाच मापानें सर्व गाड्या मोजणें म्हणजे मुलाचें लग्न ठरवितांना मुलीला ‘जेवतेस किती?’ एवढेंच विचारून उठण्यासारखें आहे.

आतां चिरंजीवांकडे वळूं. सीसी म्हणजे काय? इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या खालवर होतांना जेवढी जागा झाडतो, तिचें घनमाप. त्यावरून गाडीचें वजन कळत नाहीं, ब्रेक कळत नाहीं, बैठक कळत नाहीं. इतकेंच काय, तिची शक्तिहि नीट कळत नाहीं. पातेलें केवढें आहे हें पाहून आमटीची चव सांगणाऱ्या माणसास आपण हंसतों; मग सीसी ऐकून गाडीची परीक्षा करणाऱ्यास काय म्हणावें? रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० घ्या: अश्वशक्ति वीस, वजन १९५ किलो. तिच्या शेजारीं टीव्हीएसची चार झडपांची अपाची आरटीआर १६० उभी करा: अश्वशक्ति सुमारें साडेसतरा, वजन १४५ किलोंच्या आसपास. दोन्हींवर सत्तर किलोंचा स्वार बसवा आणि भागाकार करा. दर किलोमागें लहान गाडीच्या वांट्यालाच शक्ति अधिक येते. आणि तिचे सीसी तर निम्म्याहूनहि कमी! मोठ्या इंजिनाची ओढ खालच्या फेऱ्यांतच मिळूं लागते व गिअर वारंवार बदलावे लागत नाहींत, हें खरें आहे. पण ‘मोठें तें जोरकस’ या समजुतीचा आधार तेवढ्यानें परत येत नाहीं.

बरें, एवढी शक्ति वापरावयाची कोठें? सपाट रस्त्यावर ताशीं ६० किलोमीटरचा वेग राखावयास एका स्वारासह गाडीला तीन-चार अश्वशक्ति पुरतात. केंद्र सरकारनें २०१८ सालीं ठरविलेली मोटारसायकलची कमाल मर्यादा शहराच्या हद्दींत ६० व चौपदरी रस्त्यावर ८० अशी आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकीस प्रवेशच नाहीं. वांद्रें-वरळी सागरी सेतूवर नाहीं, अटल सेतूवर नाहीं. म्हणजे जेथें मोठ्या इंजिनाला मोकळा श्वास घेतां येईल असे रस्ते कायद्यानें बंद, आणि जे उघडे आहेत त्यांवर रिक्षा, टँकर, खड्डे आणि लग्नाच्या वराती. अशा रस्त्यावर मोठी गाडी सारा दिवस दुसऱ्या गिअरमध्यें कण्हत असते, व तिच्या उष्णतेनें स्वाराच्या पोटऱ्या शेकून निघतात.

हें स्तोम माजलें कसें, याचा इतिहासहि मौजेचा आहे. सरहद्दीवरील गस्तीसाठीं लष्कराला बुलेट हव्या होत्या. त्या मागणीच्या बळावर १९५५ सालीं मद्रासेस एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली. गस्तीच्या जवानास जें वाहन योग्य तेंच कर्वे रस्त्यावरून विमा कंपनींत जाणाऱ्या गृहस्थासहि योग्य, असा सिद्धांत कोणी कधीं मांडला नाहीं, पण मानला मात्र सर्वांनीं. पुढें सरकारनेंहि त्यांत भर घातली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला व त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के केला. कर कमी झाला ही गोष्ट चांगली. परंतु सवलतीच्या अगदीं कांठावरची गाडी घेतली नाहीं तर आपण फसलों, असें ज्यांना तेव्हांपासून वाटूं लागलें त्यांची कींव येते. सवलत शंभर सीसीलाहि तितकीच होती.

वजनाची गोष्ट दुकानांत कळत नाहीं. तेथें फरशी गुळगुळीत असते व गाडी दाराकडे तोंड करून उभी असते. ठाणें किंवा डोंबिवली स्टेशनाजवळच्या वाहनतळावर संध्याकाळीं साडेसात वाजतां, दोन्ही बाजूंस चार-चार बोटांचें अंतर ठेवून लावलेल्या गाड्यांमधून, चढाच्या दिशेनें मागें ओढून काढावयाची असते तेव्हां ती कळते. नाकापेक्षां मोती जड झाला कीं मिरविण्याचे चार दिवस संपतांच त्याचा जाच सुरू होतो. शिवाय जड गाडी घरांत एकट्याचीच राहते. चिरंजीव परगांवीं गेले कीं ती आच्छादनाखालीं पडून असते. बहिणीला ती पेलत नाहीं, आईला नाहीं, वडिलांचा गुडघा तर ती स्टँडवर घेतांनाच तक्रार करतो. सव्वाशें-दीडशें किलोंची गाडी सारें घर वापरूं शकतें.

‘पण आनंद?’ असें तरुण वाचक विचारतील. आमचा सारा वाद त्यासाठींच आहे. मोटारसायकलचा आनंद वेगांत थोडा व वळणांत फार आहे. गाडी किंचित् कलली, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकाला लागली, योग्य गिअर सांपडला व वळण संपतांना इंजिनानें ओढ घेतली, कीं जो संतोष होतो तो ताशीं चाळीसाच्या वेगांतहि पुरेपूर मिळतो. सिंहगडाच्या चढणीवर किंवा ताम्हिणीच्या झाडींत त्याहून अधिक वेगानें जाऊंहि नये. या आनंदाला हलकी गाडी लागते. याला पुरावा हवा असेल तर तो सीसीच्या उपासकांच्याच देव्हाऱ्यांत आहे. १९८५ ते १९९६ या काळांत आपल्याकडे बनलेली यामाहा आरएक्स १०० ही गाडी आजहि तरुण लोक शोधून काढतात, तिच्यावर हजारों रुपये खर्चून तिला नवी करतात व तिच्या आठवणींनीं सद्गदित होतात. तिचे सीसी किती? ९८! शक्ति अकरा अश्वांची, आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. जी गाडी ते जीव टाकून आवडून घेतात तिच्याच गुणांकडे नवी गाडी घेतांना ते पाठ फिरवितात, याचें नवल वाटतें.

दर महिन्याला सामान बांधून गोव्यापर्यंत जाणाऱ्या माणसानें साडेतीनशेंची गाडी अवश्य घ्यावी. तिचा संथ ठेका लांबच्या वाटेवर सुखाचा असतो. परंतु वर्षांतून एकदां गोव्यास जाण्यासाठीं उरलेले ३०० दिवस तिला स्वारगेटच्या चौकांत ढकलीत राहणें हा शहाणपणा नव्हे. उलट पक्षीं कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आनंद कशाला हवा? स्कूटर घ्या, पायांशीं भाजीची पिशवी राहते.’ स्कूटरशीं आमचें वैर नाहीं; ज्या घराला पिशवीच महत्त्वाची आहे त्यानें स्कूटरच घ्यावी. मात्र मोठ्या चाकांची गाडी खड्ड्यांतून अधिक स्थिर जाते हें त्यांनीं विसरूं नये, आणि दिवसभर राबणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें जाण्या-येण्याच्या तासाभरांत थोडा आनंद मागितला तर त्याला चैन म्हणून हिणवूं नये.

मायलेज आणि सीसी यांच्या गोंधळांत ज्या गोष्टीचा विचार होत नाहीं, ती म्हणजे थांबणें. ताशीं साठाच्या वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर कापते. म्हणजे भानावर येऊन ब्रेकला हात घालीपर्यंतच एखाद्या वाड्याची लांबी मागें पडते. पुढें ब्रेक लागल्यावर थांबण्यास जें अंतर लागतें तें वेगाच्या वर्गानें वाढतें: चाळीसाच्या ऐवजीं साठानें जाणाऱ्यास तें सव्वादोनपट लागतें. थांबतांना सारा भार पुढच्या चाकावर येतो व म्हणून थांबविण्याचें मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. पण आमच्याकडे प्रत्येक नवशिक्याला पहिला उपदेश कोणता मिळतो? ‘पुढचा ब्रेक दाबूं नकोस, पालथा पडशील!’ या एका वाक्यानें किती माणसें समोरच्या बसवर नेऊन आदळलीं असतील, देव जाणे. वास्तविक पुढचा ब्रेक एकदम न आवळतां क्रमाक्रमानें दाबावयाचा असतो, इतकाच त्या भीतीचा अर्थ.

जूनच्या पहिल्या पावसांत, रस्त्यावरचें तेल पाण्यावर तरंगत असतां, हात घाबरून ब्रेक आवळतोच. तेव्हां चाक जाम होऊं लागतांच दाब क्षणभर सैल करून पुन्हां धरणारी जी योजना आहे तिला एबीएस म्हणतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना ती सक्तीची झाली. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकमेकांस जोडणारी साधी योजना पुरे मानली गेली. म्हणजे येथेंहि पुन्हा सीसीच! जणूं लहान गाडी घसरली तर माणूस कमी आपटतो. आमच्या मतें लहान गाडी घेणाऱ्यानें इतर सर्व ठिकाणीं काटकसर करावी, पण पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक व मिळत असेल तर एबीएस, यांचे पैसे मुकाट्यानें मोजावे. प्रत्यक्षांत घडतें तें उलटें. एकाच गाडीच्या दोन प्रकारांपैकीं ड्रम ब्रेकचा स्वस्त प्रकार घेऊन वांचलेले रुपये सीटच्या आवरणावर, चकचकीत आरशांवर व टाकीवरच्या चित्रांवर उडविले जातात.

याहूनहि वाईट वागणूक मागें बसणाऱ्या माणसाला मिळते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें त्याच्यासाठीं धरावयास मूठ, पाय ठेवण्यास आधार व मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारी जाळी हवी असें सांगितलें आहे; साडीचा पदर किंवा ओढणी चाकांत जाऊं नये हा तिचा उद्देश. नवी गाडी घरीं येते, आणि ‘शोभत नाहीं’ म्हणून चिरंजीव पहिल्याच आठवड्यांत ती जाळी काढून माळ्यावर टाकतात! मागची बैठक इतकी उतरती कीं आई ब्रेक लागला कीं मुलाच्या पाठीवर घसरते. तिला हेल्मेट तर नसतेंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तें मागच्यालाहि बंधनकारक आहे; पण ज्या पुण्यांत २०१९ सालीं हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला तेथें हा विषय काढण्यास धाडस लागतें, आणि त्यावर स्वतंत्रच लेख लिहावा लागेल.

तेव्हां दुकानांत जातांना चिरंजीवांनीं एकट्यानें किंवा मित्रांच्या टोळक्यासह जाऊं नये. जें माणूस मागें बसणार आहे त्याला बरोबर न्यावें, आणि तें साडी नेसणारें असेल तर साडीवरच न्यावें. चाचणीसाठीं देतात ती गाडी दोघांनीं बसून चालवावी; पुढचा ब्रेक दाबून ती तीनदां थांबवावी; खालीं उतरून वीस पावलें मागें ढकलावी; स्टँडवर चढवावी. मग मागें बसलेल्याला कसें वाटलें तें विचारावें, व तें उत्तर येईपर्यंत पैशाचें नांव काढूं नये. विक्रेता म्हणेल, दोघांना बसूं देण्याची पद्धत नाहीं. त्यास नमस्कार करून पुढच्या दुकानांत जावें. पुण्यांत त्यांचा तुटवडा नाहीं.