संमोहन : किल्ली कोणाच्या हातात?



गेल्या काही आठवड्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली. एका भगिनीने लिहिले आहे की, बाजारात दोन अनोळखी बायांनी तिला बोलण्यात गुंतवले आणि गळ्यातली सोन्याची पोत आपण स्वतःच्या हाताने कधी काढून दिली ते तिला कळलेच नाही. आता घरात रोज वाद होतो. सासूबाई म्हणतात, मोहिनी घातली. नवरा म्हणतो, हिचेच डोके ठिकाणावर नव्हते. दुसरे पत्र एका वडिलांचे आहे. मुलगा दहावीत आहे, अभ्यास करतो, पण पेपर हातात पडला की त्याला घाम फुटतो. 'अंतर्मन जागृत करून स्मरणशक्ती दुप्पट' करून देणारे एक शिबिर गावात येत आहे; त्याची फी पतपेढीतून कर्ज काढून भरावी का, असे ते विचारतात. तिसरे पत्र एका तरुणाचे. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात संमोहनाचा प्रयोग ठेवला होता. त्याचा मित्र स्टेजवर कोंबड्यासारखा आरवला, आणि तेव्हापासून तो कोणाला तोंड दाखवत नाही.

तिन्ही पत्रांच्या तळाशी एकच समजूत आहे. कोणीतरी जाणकार माणूस आपल्या मनात शिरतो, आपल्या मनाची किल्ली त्याच्या हातात जाते आणि मग तो आपल्याकडून पाहिजे ते करवून घेतो. ही समजूत नवी नाही. पण ती दोनशे वर्षांपूर्वीच तपासली गेली आहे, आणि तपासणाऱ्यांत आपल्या गोव्याचा एक माणूस होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

१७७८ साली फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आला. माणसाच्या शरीरात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो आणि आपण हात फिरवून तो मोकळा करतो, असे तो सांगे. त्याच्यापुढे बसलेल्या लोकांचे अंग थरथरे, काहीजण किंचाळत, काहींना झटके येत, आणि मग त्यांना बरे वाटे. आपल्याकडे अंगात येताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी केलेला एक प्रयोग फार साधा होता. फ्रँकलिन यांच्या बागेतल्या एकाच जर्दाळूच्या झाडावर चुंबकीय मंतर टाकून घेतला. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेले. चौथ्या झाडाशी तो मुलगा बेशुद्ध होऊन पडला. पण मंतरलेले झाड भलतेच होते! समितीने लिहून दिले की, असा काही द्रव नाही. जे घडते ते माणसाच्या कल्पनेने घडते.

समितीने इथेच काम थांबवले. कल्पनेने जर धडधाकट पोर आडवे होते, तर ही कल्पना म्हणजे आहे तरी काय, हे कोणी पाहायचे? ते पाहिले होझे कुश्तोदियु दि फारिया यांनी. यांचा जन्म १७५६ साली गोव्यातील कांदोळी येथे झाला. १७७१ साली ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोममध्ये धर्मगुरू झाले. त्यांची एक गोष्ट गोव्यात आजही सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची बोबडी वळली. खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच सांगितले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" एवढे ऐकले आणि त्यांची जीभ मोकळी झाली. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद राहू द्या. पुढे त्यांनी ज्याचा शोध घेतला ते तीत नेमके आले आहे.

१८१३ साली फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. ते ना हात फिरवत, ना लोहचुंबक वापरत. समोरच्याला खुर्चीत शांत बसवत, झोपेवर लक्ष एकाग्र करायला सांगत आणि 'झोपा' म्हणत. काहींना ती गुंगी येई, काहींना येत नसे. यावरून त्यांनी सांगितले की, शक्ती माझ्यात नाही, ती खुर्चीत बसणाऱ्यात आहे. द्रव नाही, सैतान नाही, संमोहनकाराची नजरही नाही. हे ऐकून द्रववाले चिडले आणि चर्चवालेही चिडले. एका नटाने गुंगी आल्याचे सोंग करून त्यांना फसवले आणि सगळ्या शहरात त्यांचे हसे झाले. १८१९ साली ते वारले, त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्यात आडव्या झालेल्या स्त्रीवर दोन्ही हात पसरून ते उभे आहेत, जणू त्यांच्या बोटांतून काही वाहते आहे. पुतळा देखणा आहे, यात वाद नाही. पण जो माणूस आयुष्यभर 'माझ्या हातात काही नाही' म्हणत राहिला, त्याचा असा पुतळा उभा राहावा याची आम्हांला गंमत वाटते.

संमोहनाला इंग्रजीतले आजचे नाव मिळाले ते मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या डॉक्टरामुळे, १८४० नंतरच्या काळात. ग्रीक भाषेतल्या झोपेच्या शब्दावरून त्यांनी ते घेतले. ही झोप नव्हेच, हे लक्षात आल्यावर त्यांनी नाव बदलायचा प्रयत्नही केला, पण लोकांनी जुनेच धरून ठेवले. संमोहित माणसाच्या मेंदूची विद्युत नोंद घेतली तर ती जागेपणीचीच निघते. त्याला ऐकू येत असते, कळत असते, आणि त्याने ठरवले तर तो उठून जाऊ शकतो.

मग बाह्यमन आणि अंतर्मन म्हणतात ते काय? शिबिरवाले फळ्यावर पाण्यातल्या बर्फाचे चित्र काढतात : वरचे टोक बाह्यमन, खाली बुडालेला डोंगर अंतर्मन, आणि त्यात दडलेला खजिना. आम्हांला हे चित्र पसंत नाही. त्यापेक्षा शिलाईच्या कारखान्यातली बाई पाहा. पहिल्या महिन्यात तिचे लक्ष सुईवर, पायावर, कापडावर असते. वर्षभराने हात आपोआप चालतात आणि ती शेजारणीशी मुलीच्या लग्नाचे बोलत असते. रुळालगतच्या खोलीत लोकलच्या धडधडाटात आई गाढ झोपते, पण तान्हे बाळ जरा कुरकुरले की जागी होते. तिच्यासाठी हे ऐकले कोणी? मेंदूचे बरेचसे काम असे आपल्या लक्षात न येता चालते. जे लक्षात येते त्याला बाह्यमन म्हणा, जे येत नाही त्याला अंतर्मन म्हणा. पण या दोन खोल्या नव्हेत, आणि आतल्या खोलीला कुलूपही नाही. माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो, असे जे सांगतात तेही साफ खोटे आहे.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातच एक प्रयोग करा. वीतभर दोऱ्याला एक बटण किंवा किल्ली बांधा. कागदावर फुलीसारख्या दोन रेषा काढा. कोपर जमिनीवर टेकवून दोरा चिमटीत धरा आणि किल्ली फुलीच्या मध्यावर लोंबू द्या. हात हलवायचा नाही. फक्त मनात म्हणा, ही उभ्या रेषेवर झुलते आहे. बहुतेकांची किल्ली थोड्या वेळात झुलू लागेल. आता मनात आडवी रेषा धरा. किल्ली दिशा बदलेल. पोरे ओरडतील, 'आई, तूच हलवतेस!' आणि ते खरेच आहे. बोटांचे स्नायू इतके सूक्ष्म हलतात की हलवणारीलाही पत्ता लागत नाही. १८३३ साली शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे शोधून ठेवले. प्लँचेटची वाटी सरकते ती याच कारणाने. तळहातावर नारळ उभा करून विहिरीचे पाणी सांगणाऱ्याचा नारळ पडतो, त्यामागेही हीच बोटांची नकळत हालचाल आहे.

संमोहनात हेच मोठ्या प्रमाणावर होते. लक्ष एका ठिकाणी गोळा होते, आजूबाजूचे मागे पडते. अशा वेळी 'तुमचा हात हलका होऊन वर येतो आहे' अशी सूचना मिळाली की हात वर जातो. उचलणारे आपणच असतो. फक्त 'मी उचलला' ही जाणीव तेवढी गळून पडते. हे सर्वांना सारखे जमत नाही. १९५९ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मोजण्याची पद्धत तयार झाली. तिच्यावरून दिसले की थोड्या लोकांना फार चटकन जमते, थोड्यांना जवळपास जमतच नाही, आणि बाकीचे अधेमधे असतात. यात बुद्धी कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही.

याचा खरा उपयोग कुठे, तर वेदनेत. १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या सर्जनने एका कैद्याची शस्त्रक्रिया याच गुंगीत केली. त्या वेळी भूल देण्याचे औषध निघालेले नव्हते. पुढे त्याने मोठमोठ्या गाठी अशाच कापल्या. रुग्ण बहुतेक गरीब, आणि तासन् तास अंगावरून हात फिरवण्याचे कष्ट इस्पितळातल्या आपल्याच देशी मदतनिसांचे. नाव मात्र साहेबाचे झाले. कलकत्त्यातले काही गोरे डॉक्टर तर म्हणाले की हे रुग्ण सोंग करतात. ज्याच्या अंगावर सुरी चालते आहे तो गरीब माणूस साहेबाला खूश करण्यासाठी कण्हत नाही, असे म्हणायला त्यांना काही वाटले नाही! १८४६-४७ मध्ये ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली. औषध सर्वांवर चालते, संमोहन काहींवरच, तेव्हा ते योग्यच झाले. पण रुग्ण सोंग करत नव्हते, याला आज बळकट आधार आहे. १९९७ साली कॅनडातील माँट्रियल येथे लोकांचे हात कढत पाण्यात ठेवून त्यांना 'हे तितकेसे त्रासाचे नाही' अशी सूचना दिली गेली. तेव्हा वेदनेचा त्रास वाटवणाऱ्या मेंदूच्या भागाचे काम खरोखर बदललेले दिसले. जुनाट दुखणे, मनाच्या ताणाने बिघडणारे पोट, दात काढण्याची भीती यांत शिकलेल्या डॉक्टराच्या हाती संमोहन मदत करते. मात्र मधुमेह, फिट्स, क्षय यांच्या गोळ्या त्यासाठी बंद करायच्या नाहीत. ज्याला भास होतात, कानात आवाज येतात, त्याला संमोहनाला नेऊ नका, मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. दारू नुसत्या संमोहनाने सुटते, याला भक्कम पुरावा नाही. आणि मागचा जन्म दाखवणाऱ्यांना तर दारातही उभे करू नये. त्या अवस्थेत कल्पना आठवणीसारखी खरी वाटते आणि माणूस तिच्यावर शपथेवर विश्वास ठेवतो, एवढेच त्यामागचे इंगित आहे.

आता पत्रांकडे वळतो. आरवणाऱ्या मित्राला सांगा, संमोहनकाराने आधी सगळ्या मंडपाला बोटे एकमेकांत अडकवायला लावली असतील आणि ज्यांची सुटली नाहीत त्यांनाच वर बोलावले असेल. ज्याची कल्पना तेज, तो निवडला गेला. शिवाय हजार लोक टाळ्या वाजवत असताना 'मी नाही आरवणार' म्हणणे सोपे नसते. यात तोंड लपवण्यासारखे काही नाही. ऑर्न आणि इव्हान्स या संशोधकांनी १९६५ साली दाखवले की संमोहित माणसे सांगितल्यावर विषारी सापालाही हात घालायला जातात. पण संमोहित झाल्याचे नुसते सोंग करणाऱ्यांनीही तेच केले! 'हे जाणकार लोक आपल्याला इजा होऊ देणार नाहीत' असा भरवसा दोघांनाही होता. म्हणून आम्ही माता-भगिनींना बजावून सांगतो, संमोहनाच्या किंवा कसल्याही उपचारासाठी बंद खोलीत एकट्या जाऊ नका. सोबत घरचे माणूस नको म्हणणारा डॉक्टर असो वा बाबा, तिथून परत फिरा.

पोत गमावलेल्या भगिनीला मोहिनी कोणी घातली नाही, आणि तिचे डोकेही ठिकाणावर होते. दोघी दोन्हीकडून बोलतात, घाई करतात, 'पुढे खून झाला आहे, दागिने रुमालात बांधा' अशी भीती घालतात. लक्ष त्या भीतीवर खिळते आणि हात सांगितले तसे चालतात. हल्ली फोनवर खोटा पोलीस बनून शिकल्या-सवरलेल्या माणसाला तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवून लुटतात, तेही याच रीतीने. नवऱ्याने हे वाचावे, बायकोला बोल लावणे थांबवावे आणि तिच्याबरोबर चौकीत जाऊन तक्रार लिहून द्यावी. तक्रारीत 'मोहिनी' न लिहिता त्या बाया काय बोलल्या, कशा दिसत होत्या, ते लिहावे.

आणि वडिलांनी कर्ज काढू नये. स्मरणशक्ती दुप्पट करणारे संमोहन नाही. संमोहनात आठवलेले जास्त खरे नसते, फक्त ते खरे असल्याची खात्री वाढते. परीक्षेत हे नुकसानीचेच. मुलाला रोज संध्याकाळी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसवा. सुरू करण्याआधी दोन मिनिटे डोळे मिटून सावकाश श्वास सोडू द्या आणि पेपर हातात आला, पहिला सोपा प्रश्न सापडला, पेन चालू झाले, असे चित्र मनात आणू द्या. हीच स्वयंसूचना, तिला फी नाही. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, झोप उडाली किंवा जेवण सुटले, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्या. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. फोन मुलालाच करू द्या आणि तेवढा वेळ आपण खोलीबाहेर थांबा.

पुढील अंकात रात्रपाळी करणाऱ्यांच्या झोपेविषयी लिहिणार आहोत. त्याविषयीचे आपले प्रश्न आमच्याकडे जरूर पाठवावेत.