वर्गाबाहेर उभा

गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. शनिवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाचा तिसरीत. एरवी मामा येणार म्हटलं की लिफ्टपाशी येऊन थांबणारा हा प्राणी त्या दिवशी खोलीतून बाहेरच येईना. ताईने काही न बोलता त्याची शाळेची डायरी माझ्यापुढे ठेवली. पानापानावर लाल शेरे. 'वर्गात फिरतो.' 'शेजारच्या मुलाची वही फाडली.' 'खडू फेकला.' शेवटचा शेरा, 'पालकांनी येऊन भेटावे.' त्या भेटीत 'याच्यासाठी दुसरी शाळा बघा ना' असं अगदी गोड शब्दांत सांगून झालं होतं.

खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया टिपिकल होती. लाडावलाय, एक रट्टा द्यायला हवा. आम्ही नाही का सरांच्या पट्ट्या खाल्ल्या? (त्या पट्टीने मी फक्त सफाईदार खोटं बोलायला शिकलो. असो.)

पण मी पोटासाठी प्रॉडक्शन सपोर्ट करतो. रात्री दोन वाजता सर्व्हर झोपला तर त्याला कोणी 'उद्धट आहेस' म्हणत नाही. आधी लॉग बघतात. ताईला म्हटलं, "अगं, या डायरीत नुसते एरर मेसेज आहेत, लॉग कुठेय? खडू फेकला, मान्य. पण कधी? त्याआधी काय चाललं होतं? आणि फेकल्यावर काय झालं?"

नंतर कळलं की हा काही माझा शोध नव्हे. समुपदेशकांकडे याचा तीन रकान्यांचा तक्ताच असतो: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. त्यामागचा विचार साधा आहे. वागण्यातून मुलाला काहीतरी मिळत असतं. कोणाचं तरी लक्ष, हवी ती वस्तू, नाहीतर नको त्या कामातून सुटका.

मॅडमना हे विचारायला ताई घाबरत होती. वर्गात 52 मुलं आणि बाई एकट्या. पण त्या 'बघू' म्हणाल्या आणि दोन आठवडे रोज दोन-तीन ओळी लिहीत राहिल्या. त्या ओळी वाचून आम्ही गप्पच झालो. जवळजवळ प्रत्येक राडा फळ्यावरून उतरवून घ्यायच्या वेळेला. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शेवट एकच, 'वर्गाबाहेर उभा केला.'

म्हणजे बघा, लिहिणं आलं, खडू फेकला, बाहेर गेला, लिहिणं टळलं. आपण ज्याला शिक्षा समजत होतो ते त्याचं बक्षीस होतं!

पुढे तपासणी झाली, तेव्हा लेखनातली अडचण निघाली. मग मॅडमनीच मार्ग काढला. जागा पहिल्या बाकावर. निम्मा मजकूर उतरवायचा, उरलेला छापील कागदावर. पाच ओळी झाल्या की उठून फळा पुसायचा. अडलं तर बाकावर लाल कार्ड ठेवायचं, मॅडम जवळ येतील. आणि खडू फेकला तरी बाहेर जाणं बंद, त्या पाच ओळी तिथेच राहणार.

'तारे जमीं पर' (2007) बघून आपल्याला वाटतं की इंटरव्हलनंतर सगळं ठीक होतं. इथे तर पहिल्या आठवड्यात प्रकरण जास्तच चिघळलं. जुनी युक्ती चालेना म्हटल्यावर त्याने ती दुप्पट जोराने वापरून बघितली. मॅडम तेव्हाच कंटाळल्या असत्या तर कोण त्यांना दोष देणार होतं?

याच सुमारास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं, 'एका मुलामुळे बाकीच्यांचं नुकसान का?' पटापट अंगठे पडले. ज्याची वही फाटली त्याच्या आईचा राग खराच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि मारणं किंवा मानसिक छळ करणंही चालत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. म्हणून तर 'दुसरी शाळा बघा' हे गोड शब्दांत सांगतात. त्याच कायद्यात पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक असंही आहे. त्याबद्दल मात्र ग्रुपवर कधीच कोणी बोलत नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपण पगारदार मंडळी ॲडमिशन घेताना एसी बस विचारतो, रोबोटिक्सची लॅब विचारतो. वर्गात मुलं किती, मदतीला दुसरी शिक्षिका आहे का, समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात, हे विचारत नाही. मग सगळा भार एकट्या बाईंवर पडतो, आणि त्यांच्याकडे उरतो एकच स्वस्त उपाय: वर्गाचं दार. या मॅडम चांगल्या निघाल्या हे ताईचं नशीब. पण आठ वर्षांच्या पोराची शाळा नशिबावर का चालावी? पुढच्या पालकसभेत हे प्रश्न विचारून तर बघा. अंगठा द्यायचाच असेल तर त्याला द्या.

परवा भाच्याला विचारलं, "काय रे, हल्ली बाहेर उभा नसतोस?"

"मामा, फळा पुसायचं काम माझ्याकडे आहे ना. मी बाहेर गेलो तर पुसणार कोण?"

गेल्या आठवड्यात डायरीत दोन लाल शेरे होते. पूर्वी दिवसाला दोन असायचे.