दिव्याखाली अंधार

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, वंदे भारतने या ना, किती छान गाडी आहे!" गाडी छान आहे, वाद नाही. जून 2023 पासून ती मुंबई-मडगाव धावते. आमच्या विन्हेऱ्यावरूनही जाते. फक्त थांबत नाही. तिला खेड ठाऊक, रत्नागिरी ठाऊक. मधल्या गावांशी तिची ओळखच नाही.

आमची ओळख पॅसेंजरशी. (मास्तरकीची खोड म्हणून सांगतो, पॅसेंजर म्हणजे उतारू. ज्या गाडीला उतारूंचंच नाव दिलं ती ही एकच असावी.) करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, अंजणी, कामथे, आरवली... या स्टेशनांची नावं मुंबईच्या किती जणांनी ऐकली असतील? पण इथूनच माणसं तांदळाची पोती, फणस आणि म्हातारी आई घेऊन गाडीत चढत आणि थेट दादरला उतरत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत सगळ्याच गाड्या थांबल्या. पुढे रत्नागिरी-दादर पॅसेंजर परत आली ती दिव्यापर्यंतच. शेवटचे तीस-पस्तीस किलोमीटर कापून टाकले. सावंतवाडीची पॅसेंजर आधीपासूनच दिव्याची, म्हणजे दादरला जाणारी साधी गाडी हीच काय ती होती.

आता कोणी म्हणेल, मास्तर, दिव्याला उतरून लोकल पकडायची, त्यात काय एवढं? एकदा पकडून बघा. तीही दोन पिशव्या आणि सत्तरी ओलांडलेले गुडघे घेऊन. दिव्याच्या जिन्यावर आणि त्या गर्दीत तरुण माणसाचाही निभाव लागत नाही.

एक मात्र मान्य करतो. गिरणगाव उठलं, लालबाग-परळचे चाकरमानी डोंबिवली, बदलापूर, विरारला गेले. डोंबिवलीकराला दिवा सोयीचं आहे. पण सगळी माणसं नातेवाइकांकडे जात नाहीत हो! टाटा आणि केईएम परळला आहेत, दादरपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या आळीतली एक बाई केमोसाठी जात असे. सकाळी गाडीत बसायचं, दादरला उतरायचं आणि टॅक्सी करायची, एवढं तिला एकटीला जमत होतं. दिव्याला गाडी तुटल्यापासून सोबतीला मुलगा लागतो आणि त्याचा रोज बुडतो. पॅसेंजरचं तिकीट करोनात किमान 30 रुपये झालं होतं, ते 2024 मध्ये पुन्हा 10 रुपयांवर आलं म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. पण त्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कोणी मांडला नाही.

दादरला फलाट मोकळा नाही, लोकलच्या गर्दीत वेळ बसत नाही, ही नेहमीची सबब. मग उत्तरेकडच्या लांबच्या गाड्या दादरहून सुटतात त्या कुठे उभ्या राहतात? गणपतीत कोकणासाठी जादा गाड्या सोडतात, तेव्हा मुंबईत फलाट कसे सापडतात? खरं कारण साधं आहे. एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही, आणि आमची जागा आम्ही गप्प बसून सोडली.

मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांनी ही रेल्वे खेचून आणली, श्रीधरन यांनी ती बांधली. 1990 साली महामंडळ झालं आणि 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला. महाराष्ट्राने त्यात 22 टक्के वाटा घातला, शेतकऱ्यांनी भाताची खाचरं दिली. मी तेव्हा पोरांना बोगदे दाखवायला नेलं होतं. सांगितलं होतं, "ही तुमची रेल्वे." आज ती पोरं चाळिशीत आहेत. भेटली की हसतात.

रूळ एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला बाजूला उभी राहायची ती पॅसेंजरच. ते आम्ही सोसलं, अजूनही सोसतो. 2021 मध्ये रोहा-वीर दुहेरी झालं. नंतर वीजही आली. सापे वामने, कडवई अशी नवी स्टेशनं झाली. म्हणजे पॅसेंजर जिथे थांबावी अशी ठिकाणं वाढवली आणि ती गाडी मात्र दिव्यात अडकवली! हा हिशेब मला चौथीच्या गणितानेही सुटत नाही.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये संमती दिली. खासदार-आमदारांनी भाषणं केली, नाव "कोकण रेल्वे"च राहावं म्हणून आग्रह धरला. नाव राहू द्या हो. पण त्याच बैठकीत कोणी दादरचा उच्चार केला असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही गावातले बारा-पंधरा जण सह्या गोळा करतोय. विन्हेरे, करंजाडी, दिवाणखवटी झालं, आता खेडच्या बाजूला जायचंय. हे वाचणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणी ठाण्या-दादरच्या बाजूला असाल तर तुमच्या सह्याही पाठवा, गावचं नाव लिहून. आणि नातीला निरोप द्या, आजोबा पॅसेंजरनेच येतील. दिव्याला न्यायला ये म्हणावं.