हॉकी लीगला बेंगळुरूचं वावडं का?

मार्च 2012 मध्ये धनराज पिल्ले कर्नाटक लायन्सची जर्सी घालून उतरले, तेव्हा ते 43 वर्षांचे होते. खडकीत वाढलेला, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला हा गडी त्या वयात बेंगळुरूसाठी धावत होता. कर्णधार होता कोडगूचा अर्जुन हलप्पा.

स्पर्धेचं नाव वर्ल्ड सिरीज हॉकी. संघ आठ. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सला 5-2 असं हरवलं आणि लीग तिथेच आटोपली. दुसरा हंगाम झालाच नाही. मानधनासाठी खेळाडूंना ताटकळत बसावं लागलं.

लीग बुडाली ती संघटनांच्या भांडणात. एकीकडे भारतीय हॉकी फेडरेशन आणि क्रीडा-प्रसारण कंपनी निंबस, दुसरीकडे प्रतिस्पर्धी संघटना हॉकी इंडिया. आंतरराष्ट्रीय महासंघ हॉकी इंडियाच्या पाठीशी उभा राहिला आणि लीग अनधिकृत ठरली. खेळाडूंना लीग की देशाचा संघ, असं निवडायला लावणं हा उघड अन्याय होता.

त्याआधीची प्रीमियर हॉकी लीग 2005 ते 2008 चालली. धनराज तेव्हा मराठा वॉरियर्सकडून खेळले. 70 मिनिटांचा सामना चार भागांत वाटायचा तिचा प्रयोग काळाच्या पुढचा होता. आंतरराष्ट्रीय हॉकीने चार क्वार्टर स्वीकारले ते 2014 मध्ये. पण पहिल्या हंगामाचे सगळे सामने एकट्या हैदराबादेत झाले. बेंगळुरूच्या माणसाने आपला संघ पाहायचा तो टीव्हीवरच! 2008 मध्ये भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला, फेडरेशन निलंबित झालं आणि लीगही गेली.

याउलट कोडगूत पांडंडा कुट्टप्पांनी 1997 मध्ये घराण्याघराण्यांची हॉकी स्पर्धा सुरू केली. तेव्हा 60 घराणी होती, 2024 मध्ये 360 संघ उतरले. आपल्या घराण्याचा संघ खेळतोय म्हटल्यावर लोक मैदानावर येणारच.

डिसेंबर 2024 मध्ये हॉकी इंडियाची स्वतःची, मध्यंतरी बंद पडलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, पण पुरुषांच्या आठ संघांत ना बेंगळुरू, ना मुंबई-पुणे. राष्ट्रीय संघाची शिबिरं वर्षानुवर्षं बेंगळुरूच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात भरतात, शांतिनगरला हॉकीचं स्वतंत्र स्टेडियम आहे, तरीही ही गत. हॉकी इंडियाने बेंगळुरूला संघ द्यावा, त्याचे घरचे सामने शांतिनगरलाच ठेवावेत आणि खेळाडूंचं पूर्ण मानधन पहिल्या सामन्याआधी बँकेत जमा करून घ्यावं.