झाडांची छाटणी आणि न मांडलेला हिशेब

मुंबईत दरवर्षी उन्हाळा सरत आला की वृक्षछाटणीचा हंगाम सुरू होतो. महापालिकेचे उद्यान खाते, त्याने नेमलेले कंत्राटदार, वीजपुरवठा करणाऱ्या कंपन्या आणि रेल्वे यांची माणसे दोर, कोयते व यांत्रिक करवती घेऊन रस्त्यांवर आणि रुळांच्या कडेला दिसू लागतात. गोवंडी-देवनारचा परिसर यास अपवाद नाही. उपनगरांतील घरगुती वीज बव्हंशी भूमिगत तारांतून येत असली, तरी ट्रॉम्बे वीजकेंद्राशी जोडलेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या या भागावरून जातात आणि हार्बर रेल्वेमार्गाच्या तारांतून २०१६ पासून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो. पावसाळ्यात फांदी तारेवर पडू नये, कोणाच्या अंगावर येऊ नये, हा छाटणीमागील हेतू रास्तच आहे. तथापि नेमक्या याच दिवसांत त्या फांद्यांवर दुसराही एक हंगाम चालू असतो, आणि त्याचा विचार काम ठरविताना क्वचितच केला जातो.

मुंबईतील कावळ्यांची घरटी मुख्यत्वे एप्रिल ते जून या काळात असतात. कोकिळेची अंडीही त्याच घरट्यांत वाढतात. तांबट पक्षी वाळक्या फांदीत भोक पाडून संसार थाटतो. म्हणजे अभियंत्याच्या दृष्टीने जी फांदी सर्वांत धोक्याची, तीच त्याचे घर. पाऊस सुरू झाला की बगळे, ढोकरी, रातबगळे आणि पाणकावळे मोठ्या झाडांवर एकत्र घरटी बांधतात. याचा अर्थ असा की, मे महिन्यातील नियमित छाटणी पहिल्या गटाच्या मुळावर येते, आणि जून-जुलैत वादळानंतर घाईने होणारी छाटणी दुसऱ्या गटाच्या.

गोवंडीत या प्रश्नाला विशेष धार आहे. हा भाग महापालिकेच्या ज्या एम पूर्व विभागात मोडतो, तो २००९ सालच्या मुंबई मानव विकास अहवालात साऱ्या शहरात तळाशी होता. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, १९७१ पासूनचा पशुवधगृहाचा विस्तार आणि त्यांभोवतीच्या दाट वस्त्या यांमध्ये झाडाला जागा थोडी. जुने, विस्तीर्ण वृक्ष उरले आहेत ते प्रायः संस्थांच्या आवारांत आणि हमरस्त्यांच्या कडेला. पलीकडे मात्र ठाण्याची खाडी आहे. तिच्या १,६९० हेक्टर क्षेत्राला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ साली रामसर यादीत तिची गणना झाली. खाडीकाठी चरणाऱ्या बगळ्या-ढोकरींना घरट्यासाठी उंच झाड लागते. अन्न अभयारण्यात आणि घर रस्त्यावर, अशी ही विभागणी आहे. झाडे जितकी थोडी, तितकी एकेका झाडावर घरट्यांची गर्दी अधिक. आणि म्हणूनच एका झाडाच्या छाटणीने होणारी हानीही अधिक.

दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. शेजारच्याच चेंबूरमध्ये २०१७ या एका वर्षात झाड अंगावर कोसळून दोन महिलांना प्राण गमवावे लागले. ज्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत एक पंखा आणि एक दिवा हीच काय ती सोय, तिथे पावसातल्या रात्री वीज जाणे म्हणजे काय, हे तेथील रहिवाशांनाच ठाऊक. अशा माणसांना ‘पाखरांसाठी धोका पत्करा’ असे सांगणे अन्यायाचे होईल. परंतु धोकादायक फांदी तोडावी की नाही, हा वादाचा विषयच नाही. ती कधी, किती आणि काय पाहून तोडावी, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याने याचे उत्तर बऱ्याच अंशी देऊन ठेवले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत रानपाखरांची अंडी फोडणे, तसेच अंडी वा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. कावळा आणि वटवाघूळ यांना ‘उपद्रवी’ ठरविणारे पाचवे परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाले. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले झाड पाडण्यात आले आणि अनेक पिले चिरडून मेली. तेव्हा याच अधिनियमाखाली गुन्हा नोंदविला गेला. महाराष्ट्रात १९७५ चा वृक्षसंरक्षण अधिनियम आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते. पण झाडाचा विचार एका कायद्यात आणि झाडावरील जिवांचा दुसऱ्यात, अशी वाटणी झाल्याने करवत चालविणाऱ्याच्या हाती दोन्हींचा मेळ कोणी घालून देत नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा सिद्धांत लागू पडतो. ज्या कृतीचा खर्च करणाऱ्यावर पडत नाही, ती कृती प्रमाणाबाहेर होते. विद्युत अधिनियम, २००३ याचे ६८ वे कलम पाहण्यासारखे आहे. तारांना अडथळा करणारे झाड दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. आणि ते झाड तारेच्या आधीपासून तेथे असेल, तर झाडात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला वाजवी भरपाईही देववू शकतो. झाडाच्या मालकाचे नुकसान हिशेबात धरले गेले आहे. घरट्याला मालक नाही, म्हणून त्याच्या नुकसानीचा रकाना कोराच राहतो. छाटलेल्या झाडांच्या संख्येवर देयक ठरत असेल, तर कंत्राटदाराचे हित दिवसाकाठी अधिक झाडे उरकण्यात असते. वर चढून घरटे पाहण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या दृष्टीने तोटाच ठरतो. येथे मजुराच्या निर्दयतेपेक्षा कराराच्या अटींचा दोष मोठा आहे.

म्हणून उपायही करारातच शोधला पाहिजे. पहिला उपाय वेळापत्रकाचा. पावसाळी विणीचा हंगाम आटोपल्यानंतर आणि उन्हाळी विणीचा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात, सर्वांत कमी घरटी आढळतात. मुख्य छाटणी त्या महिन्यांत करावी, आणि मे महिन्यात केवळ पाहणी करून खरोखर धोकादायक असलेल्या फांद्याच काढाव्यात. यासाठी निविदा सहा महिने आधी काढाव्या लागतील. अधिक पैसा लागण्याचे कारण नाही. दुसरा उपाय पाहणीचा. करवत चालविण्यापूर्वी झाड चारही बाजूंनी न्याहाळावे, घरटे असल्यास त्याची नोंद करावी आणि पिले उडून जाईपर्यंत तेवढी फांदी राखावी. तातडीच्या प्रसंगी सूट असावी, परंतु कारण लेखी द्यावे लागावे आणि पक्षी वाचविणाऱ्या कार्यकर्त्यांना आधी कळविलेले असावे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वापरात असलेल्या घरट्याला संरक्षण आहे, आणि तेथेही वीजपुरवठा खंडित होत नाही.

तिसरा उपाय जमिनीखालचा. भूमिगत तारांसाठी चर खणताना मुळे तुटली की झाड एका अंगाने दुबळे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील प्रकरणात २०१३ साली झाडाभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच विचाराने. मुळे राखली तर झाडे कमी पडतील, आणि झाडे कमी पडली तर छाटणीची घाईही कमी होईल.

या साऱ्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न उरतो. वीजवाहिन्यांच्या देखभालीचा खर्च नियामक आयोगाच्या मान्यतेने वीजदरातून वसूल होतो. पाहणीचा अल्पसा बोजा लक्षावधी ग्राहकांवर विभागला गेला, तर दरमहाच्या बिलात तो दिसणारही नाही. आज तो सारा एका घरट्यावर पडतो. पुढील निविदा निघतील तेव्हा पाहणीची एक अट आणि कामाचे बदललेले महिने त्यांत असले, तर पुढच्या मे महिन्यात गोवंडीच्या रस्त्यावर तुटलेल्या फांद्यांच्या ढिगात पिले शोधत बसण्याची पाळी कोणावर येणार नाही.